क्ष-किरणांखालील उपचार आणि सुरक्षितता : रुग्णाची व सेवकाची

(सणसर येथील मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आरोग्यावर चार शब्द बोलावेत, असे कार्यकर्त्यांनी सुचविले, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. मी क्ष-किरण विभागातला साधा तंत्रज्ञ. पुण्यातल्या इस्पितळात नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे ज्या खोलीत अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते, त्या खोलीत काढली. त्या खोलीला कॅथ लॅब म्हणतात. तिच्या दारावर लाल दिवा असतो आणि आत काय चालते हे बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना कधीच कळत नाही. ते आज आपल्या भाषेत सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

हा विषय सणसरसारख्या गावात कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्याच वाडीवस्तीवर पाहा. कोणाच्या वडिलांना स्टेंट बसला आहे, कोणाच्या चुलत्याचा साखरेने काळा पडलेला पाय रक्तवाहिनी मोकळी करून वाचविला आहे. पूर्वी हे उपचार श्रीमंतांचे होते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि ऊसतोड मजुराच्या हृदयातही स्टेंट जाऊ लागला. पुणे-सोलापूरच नव्हे, आता बारामतीतही हे उपचार होतात. बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही आनंदाची गोष्ट आहे.

दुसरी बाजू अशी की त्या खोलीत काम करणारी माणसेही आपलीच आहेत. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, नर्स, तंत्रज्ञ अशा कामांवर आपल्या समाजातली किती मुले-मुली आज आहेत, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे टेबलावर झोपणाराही आपला आणि टेबलाशेजारी उभा राहणाराही आपला. म्हणून हा विषय आपला आहे.

हा उपचार म्हणजे काय?

पूर्वी रक्तवाहिनी तुंबली की छाती किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. या उपचारात मनगटाच्या किंवा जांघेच्या रक्तवाहिनीत एक बारीक नळी सरकवतात. तिच्या आधाराने तार, फुगा, स्टेंट हवे तेथे नेतात. चिरफाड नाही, बहुतेक वेळा पूर्ण भूलही नाही. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची वाहिनी अशा प्रकारे मोकळी केली. तिचा पाय कापावा लागणार होता आणि ती कापू देत नव्हती. तो पाय वाचला. पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत प्रथमच फुगा फुगवून अँजिओप्लास्टी केली. आज याच पद्धतीने मेंदूतल्या फुगलेल्या वाहिनीत गुंडाळी बसवतात, यकृताच्या गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, काविळीत तुंबलेले पित्त बाहेर काढतात, डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुला मोकळा करतात. या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात. हृदयाचे काम हृदयरोगतज्ज्ञ करतात, बाकीचे बहुतेक काम रेडिओलॉजिस्ट. यंत्र मात्र एकाच जातीचे.

आता मुद्दा पाहा. शरीर न उघडता आतली तार डॉक्टरांना दिसते कशी? क्ष-किरणांनी. साध्या छातीच्या फोटोत किरण क्षणभर सुटतात. येथे मात्र पडद्यावर हलते चित्र पाहावे लागते, म्हणून थांबत थांबत का होईना, दहा मिनिटे, अर्धा तास, अवघड प्रसंगी तासाहून अधिक वेळ किरण चालू राहतात. छातीच्या एका फोटोत शरीराला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. हृदयाच्या अँजिओग्राफीत सरासरी ७ आणि अँजिओप्लास्टीत १५ मिलिसिव्हर्टच्या आसपास. म्हणजे एक अँजिओग्राफी ही साडेतीनशे फोटोंच्या बरोबरीची. माती, दगड, हवा, अन्न यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, हेही लक्षात ठेवा, म्हणजे प्रमाण कळेल.

हे आकडे ऐकून कोणी घाबरू नये. छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली, तर किरणांच्या भीतीने नाही म्हणणे हा वेडेपणा होईल. बंद वाहिनीने माणूस आज जातो. किरणांचा धोका बहुतेकांना थोडा आणि दूरचा असतो. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. यंत्र बंद झाले की किरण संपले. स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. त्याचे ताट-वाटी वेगळी काढू नका, नातवंडांना त्याच्यापासून दूर ठेवू नका. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणून सांगतो.

इतिहासाने दिलेला धडा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. जग आनंदाने वेडे झाले. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा सहायक होता. किरण नीट निघतात की नाही हे तो स्वतःचा हात मध्ये धरून पाहत असे. हाताला जखमा झाल्या, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. एडिसन यांनी या किरणांचे काम सोडून दिले. १९३६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे किरणांच्या कामात जीव गमावलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर आरंभी १६९ नावे कोरली होती.

मित्रहो, एडिसन जगाला माहीत आहेत, डॅली कोणाला माहीत नाही. शोधाचे नाव एकाचे होते आणि हात दुसऱ्याचा जळाला. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते याच जातीचे आहे.

एका रुग्णाची गोष्ट

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इस्पितळाचे नाव सांगत नाही, त्याची आवश्यकता नाही. आपल्याच भागातले एक बागायतदार आमच्याकडे आले. त्यांना मी नाना म्हणतो. देहाने स्थूल, साखरेचा आजार, आणि वाहिनी पूर्ण बंद. दोन महिन्यांत त्यांना दोनदा टेबलावर घ्यावे लागले. दुसऱ्या वेळी काम फार लांबले. तार पुढे जाईना. यंत्र एकाच कोनात धरून डॉक्टर प्रयत्न करीत होते. शेवटी तार गेली, स्टेंट बसला, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. नाना तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले.

काही आठवड्यांनी नानांच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, लाल चट्टा उठला. गावातल्या डॉक्टरांनी नायटा म्हणून मलम दिले. ते संपले, दुसरे दिले. मग कोणी सांगितले की अंथरुणाला खिळल्याने झालेली जखम आहे. नाना तर रोज मोटार चालू करायला शेतावर जात होते. तिसऱ्या ठिकाणी तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढला, ती जागा भरून येईना आणि जखम खोल गेली. रात्री पाठीवर टेकता येत नव्हते.

अखेर एका अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाने तो चट्टा पाहिला आणि विचारले, "याच्या कडा इतक्या सरळ, चौकोनी कशा? नायटा गोल असतो. तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे काय?" त्यांनी आमच्या विभागाला फोन केला. फोन मीच घेतला. त्यांनी एवढेच विचारले, "या रुग्णाच्या कातडीला किरण किती मिळाले, तो आकडा सांगा."

मी नोंदवही उघडली. नाव होते, वय होते. स्टेंटच्या खोक्यावरचे चिकटपट्टीचे कागद व्यवस्थित चिकटवले होते, कारण त्यांचे बिल होते. तारा किती वापरल्या, फुगे किती वापरले, सर्व होते. किरणांचा आकडा नव्हता. त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

बंधू-भगिनींनो, तो आकडा यंत्राच्या पडद्यावर होता. काम संपेपर्यंत तो माझ्या डोळ्यांसमोर वाढत होता. दुसरा रुग्ण टेबलावर घेण्यापूर्वी बटण दाबून तो पुसला, तो मीच पुसला. मला कोणी लिही म्हणून सांगितले नव्हते, हे खरे. पण मला वाचता येत होते, हेही खरे.

नानांच्या पाठीवर दुसरीकडची कातडी काढून बसवावी लागली. ते बरे झाले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "पोरा, काळीज नीट केलंत, त्याची माझी काही तक्रार नाही. पण पाठीचं आधी सांगितलं असतं तर मी तीन महिने मलमं चोळत बसलो नसतो." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. परत आल्यावर मी एवढेच केले, वहीत तांबड्या पेन्सिलीने एक रकाना आखला आणि त्यावर "किरण" असे लिहिले.

हे काही जगावेगळे नव्हते. सप्टेंबर १९९४ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना सार्वजनिक इशारा दिला होता की अशा लांबलेल्या उपचारांत कातडी भाजल्यासारख्या गंभीर जखमा होऊ शकतात. २००० साली आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने याच विषयावर एक संपूर्ण पुस्तिका काढली. ज्ञान होते. ते आमच्या वहीपर्यंत पोचले नव्हते.

कातडीचे गणित साधे आहे. एकाच जागी २ ग्रेच्या पुढे किरण गेले तर काही तासांत तात्पुरती लाली येऊ शकते. ३ ग्रेच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांनी त्या जागेचे केस गळू शकतात. मेंदूच्या उपचारानंतर डोक्यावर टक्कल पडलेला पट्टा दिसतो तो यामुळे. ६ ग्रेच्या पुढे साधारण दहा दिवसांनी खरी लाली उठते. १५ ग्रेच्या पुढे गेले तर कातडी मरू शकते, आणि हे आठवड्यांनी, महिन्यांनी दिसते. जखम त्या दिवशी दिसत नाही, हाच यातला फसवा भाग. तोवर रुग्ण गावी आलेला असतो आणि गावातल्या डॉक्टरला त्या खोलीत काय घडले ते ठाऊक नसते. म्हणून पडद्यावरचा आकडा ५ ग्रे, म्हणजे ५००० मिलिग्रे, याच्या पुढे गेला तर रुग्णाला तसे सांगून पुढे त्याची चौकशी करीत राहावे, असा आज जाणकारांचा दंडक आहे. अशी जखम फारच थोड्यांना होते. पण ज्याला होते त्याला ती कशाची आहे हे कळण्याचा अधिकार आहे.

एका सेवकाची गोष्ट

त्याच खोलीत एक मामा होते. वॉर्डबॉय म्हणून लागलेले, ठेकेदाराच्या पटावर. रुग्णाला टेबलावर घेणे, त्याचा हात धरून ठेवणे, धीर देणे, रक्त पुसणे, सर्व मामांकडे. खोलीत शिशाचे एप्रन चार होते. डॉक्टर दोन, नर्स एक, तंत्रज्ञ एक, संपले. मामा भिंतीला पाठ लावून उभे राहत. छातीवर लावायचा किरण मोजण्याचा बिल्ला त्यांना नव्हताच, कारण ते "कायम" नव्हते. किरणांना मात्र कायम आणि ठेक्याचा माणूस यांतला फरक कळत नाही.

पन्नाशीच्या आत मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तो किरणांनीच झाला असे मी म्हणू शकत नाही. त्यांना साखर होती, आणि मोतीबिंदूची कारणे पुष्कळ आहेत. पण तो किरणांनी झाला नाही, असेही कोणी म्हणू शकत नाही. कारण वीस वर्षांत त्यांना किती किरण मिळाले याची एका ओळीचीही नोंद नाही. नानांच्या बाबतीत रकाना नव्हता, मामांच्या बाबतीत बिल्ला नव्हता. नोंद नसली की माणसाला दुखणे सांगता येते, पण सिद्ध करता येत नाही.

डोळ्यांची ही शंका निराधार नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००८ पासून अनेक देशांत कॅथ लॅबमधील डॉक्टर व कर्मचाऱ्यांचे डोळे तपासले. या कामात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून तेथे गेलेले आपले भारतीय शास्त्रज्ञ मदन रेहानी यांचा पुढाकार होता. डोळ्याच्या भिंगाच्या मागच्या बाजूला अशा कर्मचाऱ्यांत इतरांपेक्षा अधिक प्रमाणात धुरकटपणा आढळला. २०११ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने कामगाराच्या डोळ्याच्या भिंगासाठी सुचविलेली मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणली.

किरण सेवकापर्यंत येतात कसे?

आपण विहिरीच्या पाइपाचे पाणी दगडावर सोडले तर शेजारी उभा असलेला माणूसही भिजतो. पाणी त्याच्या अंगावर सोडलेले नसते, दगडावरून उडालेले तुषार त्याला भिजवतात. तसेच येथे होते. किरण रुग्णाच्या अंगावर सोडलेले असतात, पण तेथे आपटून ते चहूकडे उधळतात. टेबलाशेजारच्या माणसाला बहुतेक किरण मिळतात ते असे उधळलेले. रुग्णाला जितके अधिक, तितके सेवकाला अधिक. म्हणून रुग्णाची सुरक्षितता आणि सेवकाची सुरक्षितता या दोन गोष्टी नव्हेतच. एकाचे किरण वाचवले की दुसऱ्याचे आपोआप वाचतात.

संरक्षणाची सूत्रे तीन : वेळ, अंतर, आडोसा. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणाऱ्याला ही तिन्ही कोणी शिकवावी लागत नाहीत. तो जाळ घालतो आणि लगेच मागे सरतो. किरणांतही अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो. एक पाऊल मागे सरणे हे फुकटचे औषध आहे. शिशाचा एप्रन उधळलेल्या किरणांतले नव्वद टक्क्यांहून अधिक अडवतो. गळ्याला शिशाचा पट्टा, डोळ्यांना शिशाच्या काचेचा चष्मा, छतावरून टांगलेली काच आणि टेबलाला लावलेला पडदा, एवढे असले तर खोलीतला माणूस निर्धास्त काम करू शकतो. फरक एवढाच की जाळाची धग अंगाला कळते आणि किरण कळत नाहीत. ना वास, ना रंग, ना चटका. म्हणून येथे अंगाच्या जाणिवेवर विसंबून चालत नाही. मोजावेच लागते.

मोजण्याची व्यवस्था आणि नियम

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात आपल्यापैकी अनेकांनी काम केले आहे. बॉयलरच्या घड्याळाचा काटा न पाहता बॉयलर चालवलेला कोणी पाहिला आहे काय? काटा पाहायचा आणि वहीत दर पाळीला लिहायचा, ही तेथली रीत. कॅथ लॅबच्या पडद्यावरचा आकडा हा त्या खोलीचा काटा आहे, आणि सेवकाच्या छातीवरचा बिल्ला हा त्या माणसाचा काटा आहे.

या बिल्ल्याचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. देशभर वापरला जाणारा टीएलडी बिल्ला तेथील शास्त्रज्ञांनी विकसित केला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या, डिस्प्रोशियम मिसळलेल्या तीन छोट्या चकत्या असतात. किरण पडले की त्या ते साठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढ्या प्रमाणात उजेड देतात. त्या उजेडावरून माणसाला किती किरण मिळाले ते कळते. दर तीन महिन्यांनी बिल्ला बदलून तपासणीला जातो आणि प्रत्येकाच्या नावाचा अहवाल येतो.

नियम करणारी संस्थाही मुंबईतच, अणुशक्तिनगर येथे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना नोव्हेंबर १९८३ मध्ये झाली. साधे क्ष-किरण यंत्र मंडळाकडे नोंदवावे लागते. कॅथ लॅबसाठी मात्र परवाना लागतो, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, आणि यंत्राची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. मंडळाने घातलेली मर्यादा अशी : किरणांत काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक नाही. सामान्य जनतेसाठी वर्षाला १. गरोदर सेविकेने कळविल्यानंतर तिच्या पोटातल्या बाळालाही १ पेक्षा अधिक मिळू नये. रुग्णासाठी अशी ठाम मर्यादा नाही, कारण उपचार त्याच्या जिवासाठी असतो. तेथे तत्त्व एवढेच की गरज असेल तरच, आणि लागतील तेवढेच.

डॉक्टरांच्या हातातही पुष्कळ आहे. किरण सलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडणे, दर सेकंदाला चित्रांची संख्या कमी ठेवणे, झोत लहान करणे, नळी रुग्णापासून दूर आणि पडद्याची बाजू अंगाजवळ ठेवणे, काम लांबले तर कोन बदलणे म्हणजे एकच जागा भाजत नाही. मी अनेक डॉक्टर पाहिले. जे आकड्याकडे लक्ष देत, त्यांचे काम हळू झाले असे मला कधी दिसले नाही.

आपण काय करावे?

रुग्ण व नातेवाइकांसाठी चार गोष्टी सांगतो.

१. उपचारापूर्वी सांगा की यापूर्वी अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी किंवा कर्करोगासाठी किरणोपचार झाले आहेत काय, आणि केव्हा. जुने कागद बरोबर न्या. स्त्री रुग्ण गरोदर असण्याची शक्यता असेल तर न लाजता आधी सांगा.

२. घरी सोडताना नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, किरणांचा आकडा किती झाला? तो कागदावर लिहून द्याल का?" हा उद्धटपणा नव्हे. आपण गिरणीतून दळण आणताना वजन विचारतोच.

३. काम फार लांबले असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घरच्या माणसाला पाठ पाहायला सांगा. डोक्याचा उपचार असेल तर डोके पाहा. चौकोनी लाल चट्टा, केस गेलेली जागा, न भरणारी जखम दिसली तर मलम चोळत बसू नका. प्रथम जेथे उपचार झाला तेथे कळवा, आणि कोणत्याही डॉक्टरला "माझी अँजिओप्लास्टी झाली आहे" हे पहिले वाक्य सांगा. तुकडा काढण्याची घाई करू देऊ नका.

४. लहान मुलाचा फोटो काढताना त्याला धरायला सांगितले तर एप्रन मागून घ्या. गरोदर बाईने धरू नये.

आता या कामावर असलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी.

१. बिल्ला छातीवर, एप्रनच्या आत लावा. दुसरा मिळाला तर तो गळ्याशी एप्रनच्या बाहेर. खणात ठेवू नका, खोलीत टांगून ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका. बिल्ला म्हणजे कवच नव्हे, तो फक्त मोजतो. पण मोजल्याशिवाय तुमचे कोणी ऐकणार नाही.

२. तीन महिन्यांचा अहवाल मागून पाहा, आपल्या नावापुढचा आकडा स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. नोकरी बदलली तरी ती वही तुमची.

३. एप्रन घडी घालून ठेवू नका, आतले शिसे भेगाळते. टांगून ठेवा, आणि वर्षातून एकदा यंत्राखाली धरून भेगा तपासून घ्या.

४. हातात काम नसेल तर मागे सरा किंवा काचेपलीकडे जा. रुग्णाला धरण्याची वेळ आली तर एप्रन घातल्याशिवाय धरू नका.

५. ठेक्यावर आहात म्हणून बिल्ला नाही, हे उत्तर मान्य करू नका. एकट्याने बोलवत नसेल तर चौघे मिळून सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी द्या, आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

शेवटच्या मुद्द्यावर एक वाक्य बोलल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचा कारभार पाहत होते. त्या काळात १९४३ साली ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कामगाराची जागा कशी आहे, ते कागदावरून नव्हे, तेथे उभे राहून पाहायचे असते. कॅथ लॅबमध्येही चार एप्रन मोजून भागत नाही. माणसे किती उभी आहेत, ते मोजावे लागते.

मंडळी, मी निवृत्त झालो त्या दिवशी विभागाची नोंदवही शेवटची उघडून पाहिली. तांबड्या पेन्सिलीचा तो रकाना आता छापील झाला आहे. प्रत्येक रुग्णापुढे आकडा आहे. भिंतीवर एप्रन आठ टांगलेले आहेत, आणि मामांच्या जागेवर आलेल्या मुलाच्या छातीवर बिल्ला आहे. हे माझ्या एकट्यामुळे झाले, असा माझा दावा नाही. काळ बदलला, नियम कडक झाले, चांगले डॉक्टर आले. पण नाना आणि मामा यांच्या वाट्याला हे आले नाही, याची बोच राहिली आहे, आणि ती राहावी असेच मला वाटते.

आपल्या मुलांना या क्षेत्रात जरूर पाठवा. काम सन्मानाचे आहे, जीव वाचवणारे आहे. फक्त त्यांना जाताना एक सांगून पाठवा : डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचे, आणि मोजले ते लिहायचे.